मूल ऐकत नाही, की त्याच्या डोक्यात मावत नाही? या चुका टाळा

"बूट जागेवर ठेव, हात धू, दप्तरातून वही काढ आणि येताना बाटली घेऊन ये." सहा वर्षांचं मूल हात धुतं आणि खोलीच्या मधोमध उभं राहतं. "लक्ष कुठे असतं तुझं?" असं आपण ओरडतो, तीच सगळ्यात मोठी चूक.

ऐकलेलं मनात धरून त्यावर काम करण्याच्या क्षमतेला वर्किंग मेमरी म्हणतात. तिच्यात मोठ्यांच्याही एका वेळी तीन-चारच गोष्टी टिकतात, लहानांच्या त्याहून कमी. चौथी सूचना येईतो पहिली निसटलेली असते, आणि आरडाओरडा केल्याने ती परत येत नाही. उलट भीतीच जागा अडवते. एका वेळी एक, फार तर दोन सूचना द्या. "कळलं ना?" विचारलं की मूल हमखास 'हो' म्हणतं (आपणही म्हणतोच). त्यापेक्षा "आता काय करणार आहेस, सांग बरं" असं विचारा.

गणितातही हेच. हातचा विसरणाऱ्या मुलाला "तोंडीच कर" म्हणू नका. बोटं मोजणं, पायऱ्या मांडणं हा आळस नव्हे. आकडे कागदावर उतरले की डोकं विचाराला मोकळं होतं.

"एवढा घोडा झालास, तरी सांगावं लागतं?" हेही टाळा. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार मोठ्यांच्या सुमारे ९० टक्के होतो, पण कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे नियोजन आणि संयम सांभाळणारा भाग, पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. उंची पाहून अंदाज बांधला की फसगत ठरलेली.

झोप तोडून अभ्यास करून घेणं तर पायावर धोंडाच. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते. शिवाय या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं. त्यामुळे मूल उशिरापर्यंत जागं राहतं, त्यात सगळा दोष मोबाइलचा नसतो.

मेंदूला धार लावणाऱ्या ॲपवर पैसे घालवण्याआधी थांबा. अशा सरावाने तोच खेळ आणि त्यासारखे खेळ जमू लागतात; गणित किंवा वाचन त्याने सुधारल्याचा भक्कम पुरावा नाही.

एवढं करूनही घरी आणि शाळेत दोन्हीकडे महिनोन्‌महिने तीच अडचण दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. आणि आधी कान तपासून घ्या. 'विसरलेली' सूचना कधी कधी नीट ऐकूच आलेली नसते.