लाकडी हॉट टब घरी कसा जोडावा

लाकडी हॉट टबच्या संचात सुट्या फळ्या, पोलादी पट्टे आणि नट-बोल्ट असतात. फळ्या एकमेकींना चिकटवण्यासाठी डिंक नसतो आणि फटी बुजवण्यासाठी सिलिकॉनही नसते. सामान कमी आले की काय, अशी शंका खोकी उघडताना अनेकांना येते. प्रत्यक्षात जुन्या लाकडी पिंपाची रीतच इथे वापरलेली असते. लाकूड पाणी पिऊन फुगते, बाहेरचा पट्टा त्याला पसरू देत नाही आणि त्या दाबाने फळ्यांमधल्या फटी मिटतात. जोडणीची जवळजवळ प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

मुंबईत मात्र लाकडाआधी वजनाचा विचार करावा लागतो. आतून दीड मीटर व्यासाच्या टबमध्ये एक मीटर उंचीपर्यंत पाणी भरले, तर ते सुमारे 1,750 लिटर, म्हणजे पावणेदोन टन होते. त्यात लाकूड आणि चार माणसे धरली, तर भार सव्वादोन टनांच्या आसपास जातो. हा भार दर चौरस मीटरला सव्वा टन पडतो, आणि राहत्या घराच्या स्लॅबसाठी आयएस 875 या भारतीय मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला साधारण 200 किलो आहे. ‘गच्चीवर पाण्याची टाकी आहेच की’ असा मुद्दा सोसायटीच्या सभेत हमखास निघतो, पण ती टाकी खांब आणि तुळया हिशेबात धरून ठरवलेल्या जागी उभी असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय आणि सोसायटीची परवानगी हाती नसेल, तर गच्ची आणि बाल्कनी हे दोन्ही पर्याय मनातून काढून टाकावेत. पुढचे सर्व विवेचन तळमजल्याच्या अंगणासाठी आहे; आमचा टबही गोराईच्या बैठ्या घरामागे, जमिनीवरच उभा आहे.

जोडणीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने निवडावेत. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने फळ्या आधीच फुगलेल्या असतात. त्या तशाच जोडल्या, तर पाणी भरल्यावर आणखी फुगून घट्ट बसायला वाव कमी उरतो. संच आल्यावर तो सावलीत, जमिनीपासून उचलून, फळ्यांच्या थरांमध्ये पातळ पट्ट्या ठेवून रचावा. ताडपत्रीत गच्च गुंडाळून उन्हात ठेवलेल्या फळ्या पिळवटतात.

पायासाठी चार इंच जाडीचा, जाळी घातलेला काँक्रीटचा कोबा टबापेक्षा चारही बाजूंनी अर्धा फूट मोठा करावा आणि किमान सात दिवस त्यावर पाणी मारावे. पातळी तपासण्यासाठी गवंड्यांची पाणी भरलेली पारदर्शक नळी सर्वांत भरवशाची आहे, कारण छोटी लेव्हलपट्टी दीड मीटरच्या अंतरावरचा उतार नीट पकडत नाही. कोबा एका बाजूला सेंटीमीटरभर जरी उतरला, तरी भरलेल्या टबमधील पाण्याची कड तो उतार रोज दाखवत राहते आणि तेव्हा दुरुस्ती शक्य नसते.

कोब्यावर आधी आडवे वासे समान अंतरावर मांडावेत आणि त्यांच्यावर, त्यांना काटकोनात, तळफळ्या ठेवाव्यात. तळफळ्या एकमेकींत लाकडी खुंट्यांनी जोडल्या जातात. त्या ठोकताना हातोडा थेट फळीवर न मारता मध्ये एक टाकाऊ लाकडाचा तुकडा धरावा. इथे एक बाब अत्यंत महत्त्वाची आहे. टबचे सगळे वजन तळफळ्यांवरून वाशांवर उतरले पाहिजे, उभ्या फळ्यांवर नव्हे. त्यासाठी वासे तळाच्या कडेपेक्षा थोडे आत संपतात आणि त्यांची उंची अशी असते की उभ्या फळ्यांची खालची टोके कोब्यापासून अधांतरी राहतात. बोटे घालून सगळीकडे मोकळी जागा आहे ना, हे तपासावे. त्या फटीतून हवा खेळली नाही, तर टोके ओल धरून कुजतात आणि वाळवीलाही वाट मिळते.

आता उभ्या फळ्या. प्रत्येक फळीच्या खालच्या बाजूला आतून एक आडवी खाच असते आणि तळाची कड त्या खाचेत बसते. फळीची एक बाजू गोलसर फुगीर आणि दुसरी खोलगट असते, त्यामुळे वर्तुळ वळत गेले तरी शेजारच्या फळीशी तिचा सांधा तुटत नाही. पहिली फळी बसवताना तिचा सांधा तळफळ्यांच्या सांध्यासमोर येऊ देऊ नये; दोन सांधे एकाच जागी भेटले, तर तिथली गळती लवकर थांबत नाही. फळी रबरी हातोड्याने खाचेत ठोकावी, पण शेजारणीला फार दाबून बसवू नये. हीच चूक आमच्या हातून झाली. आम्ही प्रत्येक सांधा अंगठ्याने चाचपून घट्ट करत गेलो आणि शेवटच्या फळीसाठी उरलेली जागा तिच्या रुंदीपेक्षा जास्त झाली. मग अर्ध्या फळ्या पुन्हा सैल करून ती तफावत सगळ्या सांध्यांत थोडी थोडी वाटावी लागली. शेवटची फळी रुंद पडत असेल, तर ती सुताराकडून रंध्याने छाटून घ्यावी, मात्र तिच्या कडेची गोलाई जशीच्या तशी ठेवूनच.

फळ्या उभ्या राहिल्या की पट्टे चढवावेत. सर्वांत खालचा पट्टा बरोबर खाचेच्या उंचीवर, म्हणजे तळाच्या रेषेत येतो; तो आधी हाताने आवळावा, मग मधला आणि वरचा. पट्ट्यांची जोडणीची तोंडे एकाखाली एक न ठेवता वेगवेगळ्या बाजूंना वळवावीत, म्हणजे ताण एका ठिकाणी साचत नाही. त्यानंतर पान्याने अर्धा फेरा आवळायचा, टबभोवती फिरत पट्ट्यावर आणि फळ्यांवर रबरी हातोड्याने ठोकत जायचे, आणि पुन्हा अर्धा फेरा आवळायचा. ठोकण्याचा आवाज आधी पोकळ आणि विस्कळीत येतो; फळ्या बसत जातात तसा तो भरीव होतो. त्याच वेळी खाचेतली तळाची कडही आत सरकताना दिसते. पट्टा मऊ लाकडात रुतू लागला की थांबावे, कारण उरलेला ताण पाणी देणार असते. समुद्राजवळच्या घरांत पट्टे 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत. साधे पोलाद खाऱ्या हवेत लवकर गंजते.

पहिल्यांदा पाणी भराल, तेव्हा टब गळेल. थेंब नव्हे, धारा लागतील. आमच्या अंगणात पहिल्या संध्याकाळी पाणी कोब्यावरून वाहत कुंपणापर्यंत गेले, आणि मदतीला आलेला प्लंबर एम-सीलचे पाकीट हातात घेऊनच उभा होता. त्याला थांबवले, हे बरे झाले. फटीत काहीही कडक भरले, की फुगणाऱ्या लाकडाला तिथे मिटायला जागा मिळत नाही आणि गळती कायमची होते. पाण्याची पातळी पुन्हा पुन्हा भरून ठेवावी. नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर दोन-तीन पिंपे आधी भरून ठेवावीत. बहुतेक सांधे दोन-तीन दिवसांत मिटतात, काहींना आठवडा लागतो. अगदीच हट्टी सांध्यासाठी बारीक लाकडी भुसा पाण्यात सोडावा. तो फटीकडे ओढला जाऊन तिथेच फुगतो. पंप आणि फिल्टर तोवर बंद हवेत. दोन आठवड्यांनी पट्टे तपासून, गरज असेल तरच किंचित आवळावेत. सीडर या लाकडाच्या फळ्या असतील, तर पहिले पाणी चहासारखे तांबूस होते. तो लाकडाचा रंग आहे. ते पाणी सोडून द्यावे.

विजेचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) व पक्के अर्थिंग यांत तडजोड करू नये. पंपाकडे पाणी ओढणारी तोंडे दोन असावीत, एकमेकांपासून दूर आणि जाळीच्या झाकणाची. एकच तोंड असेल, तर केस किंवा शरीर त्यावर चिकटून बसण्याचा धोका असतो. तीन किलोवॅटच्या हीटरने 1,750 लिटर पाणी 25 अंशांवरून 39 अंशांवर यायला साडेनऊ तासांहून अधिक वेळ आणि साधारण 29 युनिट वीज लागते, म्हणून झाकण चांगले जाडच घ्यावे. लाकडाच्या शेगडीचा संच असेल, तर शेगडी पाण्यात पूर्ण बुडाल्याशिवाय तिच्यात जाळ करू नये.

पाणी 40 अंशांच्या वर नेऊ नये आणि एका वेळी पंधरा-वीस मिनिटांहून अधिक बसू नये. गरोदर स्त्रियांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. मोकळे क्लोरिन 3 ते 5 पीपीएम (दहा लाख भागांत 3 ते 5 भाग) आणि पाण्याची आम्लता दाखवणारा पीएच 7.2 ते 7.8 ठेवावा. क्लोरिन याहून वाढवले, तर फळ्यांचा आतला पृष्ठभाग मऊ होऊन केसाळ होतो. आतून वार्निश किंवा तेल लावू नये. वापर नसला तरी झाकण घट्ट बसलेले असावे, कारण साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात, आणि लहान मुले असलेल्या घरात झाकणाला कुलूप हवेच. मे महिन्यात गावी जाताना मात्र टब रिकामा करून जाऊ नये. रिकाम्या टबच्या फळ्या उन्हाने आक्रसतात, पट्टे सैल होऊन खाली घसरतात, आणि परत आल्यावर पहिल्या दिवशीची गळती पुन्हा सुरू होते.