वसाहतकालीन अमेरिकेतल्या बाईचं माहेर शोधताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दगडावर कोरलंय म्हणून ते खरं मानणं. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून प्लिमथला आलेल्या एलिझाबेथ टिलीचंच बघा. जॉन हाउलंडची ही बायको गव्हर्नर जॉन कार्व्हरची मुलगी, असं घराण्यात पिढ्यान् पिढ्या सांगितलं जायचं. एकोणिसाव्या शतकात वंशजांनी प्लिमथच्या टेकडीवरच्या दफनभूमीत दगड बसवला, त्यावरही तेच कोरलं. गव्हर्नरांशी सोयरीक कोणाला नको असते?

मग १८५५ मध्ये प्लिमथ वसाहतीचा इतिहास लिहिणाऱ्या विल्यम ब्रॅडफर्डचं हरवलेलं हस्तलिखित लंडनच्या बिशपांच्या ग्रंथसंग्रहात असल्याचं कळलं. त्यात हाउलंडची बायको जॉन टिलीची मुलगी असल्याचं सरळ लिहिलेलं होतं. ब्रॅडफर्ड त्याच जहाजातून आलेला, तर दगड बसवणारे दीडशेहून जास्त वर्षांनंतरचे. इंटरनेटवरची तयार वंशावळ उचलतानाही हेच विचारा: हे लिहिलं कोणी आणि कधी?

दुसरी चूक, फक्त बाईच्या नावाने शोधणं. नवरा हयात असताना बाईला सहसा स्वतंत्रपणे जमीन विकता येत नसे, मृत्युपत्रही करता येत नसे. त्यामुळे जमिनीच्या आणि मृत्युपत्रांच्या नोंदींच्या सूचीत ती सापडत नाही आणि माणूस हात टेकतो. तिच्या वडिलांची, भावांची, आजोबांची मृत्युपत्रं वाचा. नवऱ्याने जमीन विकली असेल तर खरेदीखत शेवटच्या ओळीपर्यंत बघा. विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या एक-तृतीयांशावर हयातभर हक्क असे, म्हणून पुष्कळदा तळाशी बायकोची संमती आणि सहीऐवजी केलेली खूण असते.

विधवेचं मृत्युपत्र मिळालं तर लॉटरीच. एलिझाबेथच्या १६८६ च्या मृत्युपत्रात लिडिया ब्राऊन, एलिझाबेथ डिकिन्सन, हॅना बॉसवर्थ अशा लेकी सासरच्या नावांनी येतात. एका कागदात तिघींचं सासर!

तारखांपाशी तर भले भले फसतात. १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं. एलिझाबेथ डिसेंबर १६८७ मध्ये वारली आणि मृत्युपत्र कोर्टात दाखल झालं जानेवारी १६८७/८ मध्ये. ही तिरकी रेघ आणि पुढचा ८ गाळून नुसतं १६८७ लिहिलंत, तर ती जिवंत असतानाच मृत्युपत्राची अंमलबजावणी सुरू झाली असं दिसेल. आपल्या हिशोबाने ते १६८८. जुन्या नोंदीत ‘पहिला महिना’ असेल तर तो मार्च धरा.

नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असंही नाही. मेफ्लॉवरवरच्या सुझॅना व्हाइटचं माहेर बराच काळ फुलर सांगत, कारण १६१२ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला कोण्या विल्यम व्हाइटचं ॲन फुलरशी लग्न लागल्याची नोंद होती. सुझॅनाच्या नवऱ्याचं नावही विल्यम व्हाइटच, पण लायडनचा तो विल्यम वेगळा. शिवाय सुझॅनाचा नवरा १६२१ च्या फेब्रुवारीत गेला आणि मे महिन्यात तिने एडवर्ड विन्स्लोशी लग्न केलं. नवऱ्यामागे बाई कागदांतून गायब झाली, की मृत्यूच्या नोंदी चाळण्याआधी दुसऱ्या लग्नाच्या चाळा.

नात्यांचे शब्द आजच्या अर्थाने घेऊ नका. ‘डॉटर-इन-लॉ’ सावत्र मुलगी असू शकते, ‘कझिन’ भाचा किंवा पुतण्या. आणि ‘मिसेस’ दिसलं म्हणून नवरा शोधायला धावू नका. प्रतिष्ठित घरातल्या अविवाहित मुलीलाही तेव्हा मिसेस म्हणत.