चायनीज हॉटेलात जेवण फसतं कुठे? या चुका टाळा

चार जणांचं टेबल. ऑर्डर अशी: व्हेज मंच्युरियन ड्राय, पनीर चिली, शेजवान राइस, हक्का नूडल्स, आणि भातावर काहीतरी ओलं हवं म्हणून मंच्युरियन ग्रेव्ही. बिल देऊन बाहेर पडताना कुणीतरी म्हणतंच, "सगळ्याची चव एकच लागत होती." एकच होती, म्हणून लागली. आचाऱ्याचा हात त्या दिवशी बिघडला असेलही, पण त्याआधी ऑर्डर बिघडली होती.

एका सॉसला पाच नावं

मेन्यूकार्डात चायनीजची चार पानं असली तरी कढईशेजारी डबे मोजकेच असतात: बारीक चिरलेलं आलं, लसूण, हिरवी मिरची, सोया सॉस, व्हिनेगर, चिली सॉस, टोमॅटो केचप, शेजवानची तयार पेस्ट आणि पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोर. मंच्युरियनचं श्रेय साधारणपणे नेल्सन वाँग यांना दिलं जातं. 1975 साली मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी ते केलं. सुरुवात आपल्या भाजीसारखी, आलं-लसूण-मिरचीची. फक्त पुढे गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि दाटपणाला कॉर्नफ्लोर. पनीर चिली, चिकन चिली, मश्रूम चिली ही त्याच घरातली भावंडं. एक घेतलं की दुसऱ्यातून नवं काही मिळत नाही.

म्हणून ऑर्डर पदार्थांच्या नावावरून देऊ नका, सॉसच्या रंगावरून द्या. काळा-तपकिरी म्हणजे मंच्युरियन, चिली, ब्लॅक बीन. लाल म्हणजे शेजवान आणि हॉट गार्लिक. गोड-आंबट म्हणजे स्वीट अँड सॉर आणि अमेरिकन चॉप्सी. पांढरा किंवा पारदर्शक म्हणजे व्हाइट गार्लिक सॉस, लेमन कोरिएंडर सूप, साधा व्हेज किंवा चिकन क्लिअर. चार माणसांना तीन रंग पुरतात. शेजवान राइसवर शेजवान ग्रेव्ही घेणं म्हणजे ठेच्याला ठेचा लावून खाणं. ग्रेव्ही झणझणीत हवी असेल तर भात साधा वाफवलेला, फार तर बर्न्ट गार्लिक घ्या. भात शेजवान हवा असेल तर बरोबर पांढरा सॉस.

ट्रिपल शेजवानची गोष्ट वेगळी. भात, नूडल्स, तळलेल्या नूडल्स आणि वर ग्रेव्ही असा तो मुंबईचा स्वतंत्र खेळ आहे. पण ते अख्खं जेवण आहे. त्याच्याबरोबर आणखी एक राइस सांगितला तर तो घरी पार्सल होऊनच जातो.

शेजवान म्हणजे सिचुआन नव्हे

ही गल्लत दोन्ही बाजूंनी निराश करते. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या स्वयंपाकाची ओळख नुसत्या मिरचीची नाही. तिथल्या मिऱ्याने जीभ आणि ओठ झिणझिणतात, मग मिरचीचा जाळ येतो. आपल्या शेजवानमध्ये ते मिरं बहुधा नसतंच. सुक्या लाल मिरच्या भिजवून वाटायच्या, भरपूर तेलात लसणाबरोबर परतायच्या, वर व्हिनेगर आणि साखर, झालं शेजवान. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या कालवणात तिरफळ घालतात, ते आणि सिचुआनचं मिरं एकाच वनस्पतीकुळाच्या एकाच प्रजातीतले, फक्त जात वेगळी. तिरफळ चुकून दाताखाली आल्यावर जे होतं, त्याच्या जवळचं काहीतरी खऱ्या सिचुआन पदार्थात अपेक्षित असतं.

मोठ्या शहरांतल्या अस्सल चिनी पद्धतीच्या महागड्या रेस्टॉरंटात जाऊन "मंच्युरियन का नाही?" असा हिरमोड करून घेऊ नका. तिथल्या ग्रेव्ह्या पातळ, केचप नसलेल्या असतात आणि साध्या भाताबरोबर खायच्या असतात. उलट, नाक्यावरच्या फॅमिली रेस्टॉरंटात माला हॉटपॉट, म्हणजे सिचुआनचा तो झिणझिणणारा तिखट रस्सा, मागवणंही व्यर्थ. त्या स्वयंपाकघराला जे रोज पन्नास वेळा करावं लागतं, ते मागवा.

सगळं एकदम मागवणं

सर्वात जास्त जेवणं इथे बिघडतात, आणि याबद्दल कुणी बोलत नाही.

फ्राइड राइस करताना लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवतात, तेल फिरवतात, लसूण काही सेकंद, भाजी अर्धा मिनिट, मग भात आणि सॉस. तीन-चार मिनिटांत प्लेट तयार. या वेळात भाजीतलं आणि सॉसमधलं पाणी लगेच उडून जायला हवं. ते उडण्याइतकी उष्णता एका वेळी एक-दोन प्लेटपुरतीच कढईत असते. एकाच टेबलाची तीन फुल राइसची ऑर्डर गेली की गर्दीच्या वेळी आचारी तिन्ही एकत्रच टाकतो. कढई थंडावते, कोबी पाणी सोडतो, ते पाणी उडत नाही आणि भात परतला जाण्याऐवजी वाफवला जातो.

प्लेट समोर आली की चमच्याने तळ उघडून बघा. दाणे सुटे, कोबी आणि गाजर कुरकुरीत, वासात किंचित करपलेपणा, तळ जवळजवळ कोरडा: कढई तापलेली होती. तळाशी तपकिरी पाणी आणि मलूल कोबी: गर्दी झाली. पाणी नाही पण तेल साचलंय: कढई नीट तापलेली नव्हती, चिकटू नये म्हणून तेल जास्त ओतलं. भाताचे गोळे झालेत: भात ताजा, गरम शिजवलेला वापरला.

हे शेवटचं रविवारी रात्री उशिरा हमखास होतं. फ्राइड राइससाठी आधी शिजवून, पसरून थंड केलेला भात लागतो. तो साठा संपला की नवा भात शिजतो आणि वाफाळताच कढईत जातो. चायनीज खायचं तर आठच्या आधी किंवा आठवड्याच्या मधल्या वारी जावं, हा सल्ला त्यामुळेच.

आणि क्रम. सूप आणि स्टार्टर आधी सांगा, राइस-नूडल्स सांगूच नका. सांगितलेच, तर कॅप्टनला स्पष्ट म्हणा, "मेन कोर्स मी सांगितल्यावर टाका." नाहीतर सूप अर्ध्यावर असताना सगळं टेबलावर येतं. ड्राय मंच्युरियनच्या गोळ्यांवर सॉस चढला की कुरकुरीतपणाला फार तर दहा मिनिटं असतात, त्यानंतर ती भिजलेली भजी. चिकन लॉलीपॉप सॉसमध्ये घोळवून नको, सॉस वाटीत वेगळा मागवा. मंचाव सूपच्या तळलेल्या नूडल्सही वेगळ्या मागून थोड्या थोड्या घालाव्यात.

"ग्रेव्ही जरा जास्त द्या"

वेटर हो म्हणतो. आत जे वाढतं ते पाणी आणि कॉर्नफ्लोर. आलं-लसूण तेवढंच राहतं. समोर येतो तो चिकट, फिकट रस्सा. भातासाठी ओलं हवं असेल तर सुरुवातीलाच "सेमी ग्रेव्ही नको, फुल ग्रेव्ही" असं सांगा, म्हणजे सॉस पहिल्यापासून त्या मापाने बनेल.

कॉर्नफ्लोरची थोडी ओळख असली की दोष लगेच कळतो. पिठूळ, कच्चट चव म्हणजे पेस्ट शेवटी ओतून उकळी न येता उतरवलं. खळीसारखा घट्ट गोळा म्हणजे पेस्ट जास्त. घरी करताना एक कप द्रवाला साधारण एक सपाट मोठा चमचा कॉर्नफ्लोर पुरतं, थंड पाण्यात कालवून, सतत ढवळत, आणि नंतर मिनिटभर खदखदू द्यायचं. व्हिनेगर शेवटी घालावं, कारण आंबटासोबत बराच वेळ उकळलं की दाटपणा ढिला पडतो.

सूप सुरुवातीला दाट होतं आणि वाटी संपताना पाण्यासारखं झालं, याचा दोष मात्र हॉटेलचा नसतो. लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम कॉर्नफ्लोरमधला स्टार्च तोडतं. उष्टा चमचा वाटीत जितक्या वेळा जातो तितकं सूप पातळ होत जातं. वन बाय टू घेतलंत तर वाट्या वेगळ्या करून घ्याच, आणि उरलेली ग्रेव्ही घरी न्यायची असेल तर तीत उष्टा चमचा घालू नका.

"कमी तिखट करा" हेही शेजवानला लागू पडत नाही. पेस्ट आधीच बनलेली असते. तिखट कमी करायचं म्हणजे केचप आणि साखर वाढवायची, आणि मग भात जॅमसारखा लागतो. लहान मुलं बरोबर असतील तर पदार्थच दुसरा निवडा.

लालभडक रंग

लॉलीपॉप आणि गोबी मंच्युरियनचा तो झगझगीत लाल रंग बहुतेक वेळा मिरचीचा नसतो. मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी घातली. त्याच वर्षी गोव्यात म्हापसा नगरपालिकेने स्टॉलवरच्या गोबी मंच्युरियनलाच मनाई केली, ती स्वच्छतेच्या आणि रंगांच्या तक्रारींवरून.

टेबलावर एक साधी चाचणी करता येते. ओला टिश्यू तुकड्यावर दाबा. मिरचीचा रंग तेलात विरघळणारा असतो, त्यामुळे टिश्यूवर नारिंगी, तेलकट डाग येतो. पाण्यात लगेच पसरणारा गुलाबी-लाल डाग आला तर रंग घातलेला असण्याची शक्यता जास्त. हा प्रयोगशाळेचा निकाल नव्हे, पण पुढच्या वेळी "रंग न घालता करा" असं सांगायला पुरेसा आहे. बरीच हॉटेलं सांगितल्यावर तसं करून देतात. तुकडे तपकिरी दिसतील, चवीत फरक नाही.

अजिनोमोटोवर खापर

1908 मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री वनस्पतीतून तिची खास चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं; अजिनोमोटो म्हणजे त्याचंच मीठ. तेच ग्लुटामेट टोमॅटोत आणि सोया सॉसमध्ये मुळातच असतं. "अजिनोमोटो नको" सांगून सोया, केचप आणि तयार सॉसचा पदार्थ खाल्ला तर ते पोटात जातंच.

रात्री तहान लागते ती मुख्यतः एकूण सोडियममुळे. मिठात वजनाच्या सुमारे 39 टक्के सोडियम असतं, अजिनोमोटोत सुमारे 12 टक्के. सोया सॉस तर मिठाचंच पाणी. सूपमध्ये सोया, स्टार्टरमध्ये सोया, भातात सोया आणि वर मीठ. "सोया आहे, वरून मीठ नको" ही सूचना जास्त कामाची. ज्यांना गहू चालत नाही त्यांनी सोया सॉसपासूनच जपावं, नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो.

पार्सल

बंद डब्यात वाफ अडकते, झाकणाखाली थेंब होतात आणि परत अन्नावर पडतात. दुकानातून निघताना झाकणाला एका कोपऱ्यात फट ठेवा. मंच्युरियनचे गोळे आणि ग्रेव्ही वेगवेगळ्या डब्यांत मागा, मंचावच्या नूडल्स कागदी पुडीत. घर अर्ध्या तासाहून दूर असेल तर हक्का नूडल्स घेऊच नका, त्यांचा विटेसारखा गठ्ठा होतो. भात प्रवास बराच सहन करतो.

घरी गठ्ठा झालाच, तर मायक्रोवेव्हमध्ये न टाकता लोखंडी तवा किंवा कढई कडक तापवा, नूडल्स टाका, दोन चमचे पाणी शिंपडा आणि दोन चमच्यांनी उचलून सोडवा. दोन मिनिटांत सुटतात. गोळे कोरड्या कढईत मध्यम आचेवर पाच मिनिटं फिरवा आणि खायच्या क्षणी ग्रेव्हीत सोडा.

उरलेल्या भाताबद्दल मात्र हयगय नको. बॅसिलस सेरेयस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवतानाही टिकतात. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. पार्सल आल्यापासून दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरात, भात फ्रिजमध्ये गेला पाहिजे, पसरट डब्यात. ओट्यावर रात्रभर राहिलेला राइस वासाला ठीक वाटला तरी फेकायचा.

तक्रार दुसऱ्या घासाला करा

अर्धी प्लेट संपवून "चांगलं नव्हतं" म्हटलं तर कॅप्टनच्या हातात काही उरत नाही. आणि नुसतं "मजा नाही आली" यावर आत काय करायचं हे कुणालाच कळत नाही. दोष नेमका सांगा. भात ओला आहे: परत कढईत मारून मिळतो, दोन मिनिटांचं काम. ग्रेव्ही पातळ आहे: तेही मिनिटाचं. खारट झालं: दुरुस्त होत नाही, नवं मागा किंवा बरोबर साधा भात द्यायला सांगा. स्टार्टर गार आला: पुन्हा तळून घेऊ नका, तुकडे चिवट होतात, बदलून मागा. नूडल्सना आंबूस वास आहे, तेलाचा तवंग टाळूला चिकटतोय: बदलूनही नको, रद्द करा.

चिकन लॉलीपॉप हाडाजवळ लालसर दिसला की लगेच कच्चा ठरवू नका, कोवळ्या कोंबडीत हाडातल्या मगजाचा रंग बाहेर उतरतो. मांस हाडापासून सहज सुटतंय आणि दाबल्यावर रस पारदर्शक येतोय तर बहुधा शिजलेलं आहे. मांस रबरासारखं, अर्धपारदर्शक आणि हाडाला घट्ट धरून असेल तर प्लेट परत पाठवा.

बिल आल्यावर एकच ओळ बघा: सर्व्हिस चार्ज. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो आपोआप लावता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. काढून द्यायला सांगा. नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. तब्येत बिघडल्याची तक्रार असेल तर बिलावरचा अन्नसुरक्षा परवान्याचा 14 अंकी क्रमांक लागतो, म्हणून बिल खिशात ठेवा, बडीशेपेच्या ताटलीत सोडून येऊ नका.