खो देणाऱ्याचं नाव लिहून ठेवा

खो-खोत पाटीवर बसलेल्या गड्याला स्वतःच्या मनाने उठता येत नाही. मागून पाठीवर हात पडतो, कानाशी 'खो' ऐकू येतो, तेव्हाच उठायचं. मी बारा वर्षं खेळले, त्यातली निम्मी अशी उकिडवी बसण्यातच गेली असतील. आपल्याला कुणी उठवलं हे मात्र मी कधी वळून पाहिलं नव्हतं. गडी बाद केला की टाळ्या मला. ज्या मैत्रिणीने बरोबर क्षणाला खो दिला, तिचं नाव मी घरी सांगितल्याचं आठवत नाही.

सांगलीत शाळकरी मुलींना खो-खो शिकवायला लागून मला आता नऊ वर्षं झाली. या कामात येऊ पाहणारी मुलं-मुली भेटतात आणि विचारतात, "ताई, उत्साह टिकतो कसा?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझं खेळणं एकविसाव्या वर्षी थांबलं. विद्यापीठाच्या निवड चाचणीला पंधरा दिवस असताना खांबाला वळसा घालताना गुडघा फिरला. लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं आणि दहा महिने पळणं बंद. तासगावकडच्या आमच्या गावात मी खाटेवर पडून छताचे पत्रे मोजायचे. दोन महिन्यांनी आमचे सर घरी आले. म्हणाले, "आगं, मैदानावर यायला गुडघा कशाला लागतोय? बसाय येतंय न्हवं? मग घड्याळ धर." दुसऱ्या दिवसापासून मी हातात स्टॉपवॉच आणि मांडीवर शंभर पानी वही घेऊन बाकावर बसू लागले. कोण किती सेकंद पळाली, कशी बाद झाली, हे लिहायचं. 'एक मिनिट दहा सेकंद, खांबावर सूर.' 'पन्नास सेकंद, हुलीला फसली.' शेवटी शेऱ्याचा रकाना.

तो रकाना भरता भरता माझी नजर बदलली. बाहेर बसून बघताना कळलं की एक गडी बाद होतो तेव्हा त्यामागे चार-पाच जणींचं काम असतं. एकीने पळतीला मधल्या पाटीतून बाहेर काढलं, दुसरीने घाईत खो न देता दोन पावलं थांबून दिला, तिसरीने तिला खांबाकडे दाबत नेलं. गुण चौथीच्या नावावर. मी शेऱ्यात पहिल्या तिघींची नावं लिहू लागले. एका संध्याकाळी सरांचंही लिहिलं. मैदानावर फक्की मारायला ते पाच वाजता येतात आणि आम्ही सहाला येतो, हे इतकी वर्षं मला माहीत होतं. लिहिल्यावर पहिल्यांदा ते आत पोचलं.

आपल्याकडे 'जाण ठेवणं' म्हणतात. मला वाटतं त्यातला 'ठेवणं' हा शब्द महत्त्वाचा आहे. मनात आपोआप राहत नाही, ठेवावी लागते. खाशाबा जाधवांची गोष्ट आमचे सर याच अंगाने सांगायचे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आला. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले होते. स्वागताला १५१ बैलगाड्या आल्या होत्या, हे सगळ्यांना पाठ असतं. सर पुढचं सांगायचे. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्यातून मिळालेल्या पैशातून ते घर सोडवून दिलं. "पदक नंतर सांगा, आधी घर सोडवलं ते सांगा," असं ते आम्हाला बजावायचे.

आता शिकवण्याकडे येते. कागदांचं थोडक्यात सांगते, कारण ते कुठेही विचारता येतं. बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, दोन वर्षांची आहे, तिच्या सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, मैदानी चाचणीही असते, म्हणून सराव सोडू नका. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स नव्या कोचला उपयोगी पडतो. खेळाडू म्हणून मिळालेलं प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि कागद हरवलेली माणसं मी रडताना पाहिली आहेत. पहिली दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढा. मानधन कमी असतं. घरच्यांना ते आधीच सांगून ठेवा.

अवघड भाग निराळाच आहे. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात, तालुक्याचे-जिल्ह्याचे सामने ऐन पावसाळ्यात येतात. आमच्याकडची काळी माती भिजली की पायाला किलोभर चिकटते. सराव बुडतो. आठवी-नववीत मुली गळू लागतात. कुणाचं लग्नाचं बोलणं निघतं, कुणाला द्राक्षाच्या छाटणीला घरी थांबवतात. अशा वेळी मुलींना भाषणं देऊन पेटवावं असं वाटतं. मी ते करून पाहिलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. आम्ही सगळ्यांनी मिळून फोनवर सामना पाहिला. दुसऱ्या दिवशी मैदान भरून गेलं. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा जेमतेम दहा जणी. मोठा विजय ठिणगी देतो, त्यावर रोजची भाकरी भाजत नाही. मुली परत यायच्या त्या वहीतला आपला आकडा बघायला. काल पंचेचाळीस सेकंद, आज बावन्न.

एक चूक मुद्दाम सांगते. सुरुवातीच्या काळात मी चिडून म्हणायचे, "आम्ही तुमच्यासाठी एवढं करतो, तुम्हाला काही वाटतं का?" एक चांगली पळणारी मुलगी त्यानंतर आलीच नाही. कृतज्ञता मागून घेता येत नाही. मुलांकडून तर नाहीच. आपण आपल्या परीने जाण ठेवावी, मुलं ते बघत असतात.

लेखनाकडे मी वळले ते शेऱ्याच्या रकान्यात जागा पुरेना म्हणून. आधी पान, मग दोन पानं, मग गोष्टी. त्यातली एक गोष्ट मी कधीच विसरणार नाही. सातवीतली एक मुलगी होती. पहिली वीस सेकंद हरणासारखी पळायची आणि मग कोपऱ्यात जाऊन बाद. शेऱ्यात मी सलग दोन आठवडे लिहिलं होतं, 'लक्ष नाही.' एका रात्री तिचा दिवस तिच्याच डोळ्यांनी लिहायला घेतला. पाचला उठते, पाणी भरते, शेळ्या सोडते, शाळेत येते. दुपारी मैदानावर यायच्या आधी ती... आणि पेन थांबलं. ती काय खाते हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी तिला शिकवत होते आणि हे एक वाक्य मला लिहिता येईना.

दुसऱ्या दिवशी विचारलं. सकाळी साडेदहाला डबा, त्यानंतर काही नाही, सराव पाचला. बाकीच्यांना विचारलं तर निम्म्या अशाच. मग एका मुलीच्या आईने रोज हरभरे भिजवायचं अंगावर घेतलं, बाजारातल्या एका दुकानदाराने गूळ दिला. महिन्या-दीड महिन्यात ती मुलगी दीड मिनिट टिकू लागली. हुल द्यायलाही ती त्याच काळात शिकली, त्यामुळे सगळं श्रेय हरभऱ्याला देत नाही. पण 'लक्ष नाही' हा शेरा मी स्वतःच्या हाताने खोडला, आणि वहीच्या पहिल्या पानावर त्या आईचं आणि दुकानदाराचं नाव लिहिलं.

म्हणून नव्या कोचला मी सांगते, लिहा. पायाची माती धुवायच्या आधी लिहा, कारण आंघोळ झाली की निम्मं विसरतं. 'मेहनती', 'गुणी' असले शब्द टाळा, तिने काय केलं ते लिहा. बोलणं जसं ऐकलं तसंच उतरवा, पुस्तकी करू नका. ज्या दिवशी हरलात, त्या दिवशी समोरच्या संघातल्या एका खेळाडूचं चांगलं लिहा. हे मला सगळ्यात जड गेलं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. गोष्ट करायची असेल तर एखाद्या मुलीवर रागावलात तो दिवस निवडा आणि तो तिच्या बाजूने लिहा. नाव-गाव बदला. तिच्या घरचं दुःख तिला न विचारता कुणाला वाचून दाखवू नका.

दर मकर संक्रांतीला औदुंबरला कृष्णाकाठी साहित्य संमेलन भरतं. एका वर्षी मी चार मुलींना एसटीने तिथे घेऊन गेले. गावाकडची माणसं उभी राहून आपल्या बोलीत कविता म्हणत होती. मुली तिळगूळ हातात धरून गप्प ऐकत बसल्या. येताना त्यातली एक म्हणाली, "ताई, मला पण एक वही पायजे." घेऊन दिली.

आठवड्याने तिने ती माझ्यापुढे उघडून धरली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'आज ताईंनी मला बाद दिलं. हात लागला नव्हता. मी काही बोलले नाही.' त्या सरावाला पंच मीच होते. मी तिला नीट विचारलं, पकडणारीला विचारलं. हात लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पाटीवर बसवून मी ते सांगितलं, तिची त्या दिवसाची वेळ वहीत सुधारली, आणि शेऱ्यात तिचं नाव लिहिलं.