क्लिक एकीकडे, ठिपका भलतीकडे

पहिल्या नोकरीत मिळालेलं काम ऐकायला किरकोळ होतं. स्कॅन केलेला गावनकाशा खिडकीत दाखवायचा आणि ज्या गटावर क्लिक होईल तिथे ठिपका ठेवून पिक्सेलची जागा नोंदवायची. कॉलेजात स्विंगमध्ये (जावात खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीत) कॅल्क्युलेटर केलेला असल्यानं मी बिनधास्त "दोन दिवस पुरे" म्हणून बसलो. तीन आठवडे गेले.

पहिला दणका मेमरीचा. जेपेग फाइल जेमतेम १४ एमबीची, त्यामुळे शंकाच आली नाही. पण ए-झिरो आकाराचा कागद ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) स्कॅन केला की ९९३३ × १४०४३, म्हणजे जवळपास १४ कोटी पिक्सेल होतात. उघडल्यावर रंगीत जेपेगला पिक्सेलमागे ३ बाइट लागतात: ४२ कोटी बाइट. वर मी शहाणपणा करून तेच चित्र एआरजीबी प्रकारच्या (रंगांसोबत पारदर्शकताही साठवणाऱ्या) बफर्डइमेजमध्ये, म्हणजे जावा मेमरीत ठेवते त्या चित्रात, पुन्हा काढलं. तिथे पिक्सेलमागे ४ बाइट, म्हणजे आणखी ५६ कोटी. मशीनला रॅम ४ जीबी. आपण काही सांगितलं नाही तर जावा हीपला (प्रोग्रामच्या वापरातल्या मेमरीला) साधारण रॅमचा पाव हिस्सा देते, म्हणजे १ जीबी. आउटऑफमेमरी, म्हणजे मेमरी संपल्याचा एरर, येणारच होता. तेव्हा फाइल किती एमबीची हे बघूच नका. रुंदी गुणिले उंची गुणिले बाइट हा हिशोब आधी कागदावर मांडा.

एक्सएमएक्स (हीपची कमाल मर्यादा) वाढवून माझ्या मशीनवर भागलं, क्लायंटच्या जुन्या मशीनवर नाही. इमेजरीडरला (जावाच्या चित्र वाचणाऱ्या क्लासला) सोर्स रीजन, म्हणजे हवा तेवढा चौकोन, देऊन चित्राचा फक्त एक तुकडा वाचता येतो, पण जेपेग सहसा वरून खाली क्रमानं उलगडत जातं, त्यामुळे तळाचा तुकडा मागितला की रखडपट्टी. शेवटी नकाशा एकदाच कापून ५१२ × ५१२ च्या ५६० टाइल्स करून ठेवल्या. एक टाइल मेमरीत १ एमबीची. १९२० × १०८० च्या स्क्रीनवर एका वेळी फार तर २० टाइल्स दिसतात. ५६ कोटी बाइटचं काम २० एमबीत आलं! टाइल वाचायचं काम मात्र पेंटकॉम्पोनंटमध्ये (पॅनेल रंगवणाऱ्या मेथडमध्ये) कधी घालू नका, स्क्रोल करताना खिडकी गोठते. ते मागच्या मागे काम उरकणाऱ्या स्विंगवर्करकडे द्या.

आता क्लिक. खरे दिवस इथेच गेले.

नकाशा दाखवणारं माझं पॅनेल जेस्क्रोलपेनमध्ये (स्क्रोलबार देणाऱ्या चौकटीत) होतं. क्लिकच्या एक्स-वायमध्ये मी स्क्रोलचं अंतर मिळवत होतो. वरच्या डाव्या कोपऱ्यात सगळं चोख, म्हणून टेस्टिंग झालं असं जाहीर केलं. खाली सरकलं की ठिपका पळायचा, आणि जितकं स्क्रोल तितकाच पुढे. लिसनर (क्लिकची वाट बघणारा कोड) पॅनेलवरच लावलेला असेल तर येणारे आकडे पॅनेलच्याच मोजमापात असतात, स्क्रोल त्यात आधीच धरलेला असतो. मी तो दुसऱ्यांदा मिळवत होतो. लिसनर जेफ्रेमवर, म्हणजे अख्ख्या खिडकीवर, लावणाऱ्यांची गत वेगळी: त्यांना टायटलबारची उंचीही नडते.

तेव्हापासून ठिपका चुकला की मी कोड उघडण्याआधी चूक कशी वाढते ते बघतो. सगळीकडे सारखीच असेल तर बॉर्डर किंवा टायटलबार. स्क्रोलबरोबर वाढत असेल तर स्क्रोल. कोपऱ्यापासून जितकं लांब तितकी जास्त असेल, तर झूमच्या पटीनं भागाकार करायचा राहिलाय. झूम आणि सरकवणं दोन्ही असेल तर हातानं गुणाकार-भागाकार करत बसण्यापेक्षा चित्र ज्या अफाइनट्रान्सफॉर्मनं (झूम-सरकवण्याचं गणित धरणाऱ्या क्लासनं) काढता, त्याचाच इन्व्हर्स, म्हणजे उलटं गणित, क्लिकला लावा. आणि उत्तर इंटमध्ये कास्ट न करता (त्यात दशांश नुसते छाटले जातात) मॅथ फ्लोअर वापरा, ते खालचा पूर्णांक देतं, नाहीतर चित्राबाहेर उणे ०.४ वर झालेला क्लिक शून्याच्या पिक्सेलवर येऊन बसतो.

हे सगळं बसवून दिल्यावर क्लायंटकडून तक्रार आली: "क्लिक कधी लागतो, कधी नाही." माझ्याकडे दर वेळी लागायचा. शेवटी तिथे जाऊन शेजारी बसलो. नकाशे बघणारे काका निवृत्तीला आलेले, हात किंचित थरथरायचा. बटण दाबणं आणि सोडणं यांत माउस सरकला, की माउसक्लिक्ड (क्लिक झाल्याची सूचना) येईलच याचा भरवसा नसतो. जावा ते ओढणं समजू शकते. मग माउसप्रेस्डला जागा लक्षात ठेवली, माउसरिलीज्डला अंतर मोजलं, ५ पिक्सेलच्या आत असेल तर क्लिक, जास्त असेल तर नकाशा सरकवायचा. काकांनी दोन-चार गट टिपले आणि म्हणाले, "आता माउस बरा दिलात."