मोठ्या रीफ टाकीत कोरलं कशी सोडावीत

माझ्या ८०० लिटरच्या रीफ टाकीत, म्हणजे जिवंत कोरलं (प्रवाळ) वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, एप्टेशिया हा सी अ‍ॅनिमोन जातीचा उपद्रवी जीव शिरला तो झोअँथस या मऊ कोरलाच्या एका फ्रॅगवरून, म्हणजे लावायला तोडलेल्या तुकड्यावरून. फ्रॅग ज्या छोट्या बैठकीवर चिकटवलेला असतो त्या प्लगच्या खालच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा पारदर्शक तपकिरी ठिपका होता. मी तो पाहिला, ‘काढू नंतर’ म्हटलं आणि फ्रॅग खडकावर चिकटवून टाकला. काही महिन्यांत त्याची पिल्लावळ कपारीकपारीत पसरली आणि शेजारच्या कोरलांना डंख मारू लागली. उपटायला गेलं की त्याचा उरलेला तुकडा नवा एप्टेशिया होतो. लहान टाकीत दगड बाहेर काढून घासता आला असता. इथे ढीगभर खडक एकमेकांत रचलेला, त्यावर कोरलं वाढून बसलेली. एक दगड हलवायचा तर सगळी रचना मोडावी लागते.

मोठी टाकी पाण्यातल्या बारीकसारीक चुका पोटात घालते, पण आत शिरलेली कीड परत देत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये जास्तीत जास्त काम कोरल टाकीबाहेर असतानाच उरकायचं आहे.

पाणी आधी स्थिर करा

नव्या टाकीचं नायट्रोजन चक्र (जिवाणूंनी विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणं) बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन टिकले की एखादं मऊ कोरल सोडून पाहता येतं. अ‍ॅक्रोपोरासारख्या नाजूक एसपीएससाठी (लहान पॉलिपची दगडी कोरलं; पॉलिप म्हणजे कोरलाचा एकेक जीव) मात्र निदान सहा महिने थांबा. खडकावर जांभळट गुलाबी कोरलाइन शेवाळ धरू लागलं, की पाणी कोरलाच्या जोगतं होत चाललंय असं समजा.

आकडे असे ठेवा: तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस, खारेपणा सापेक्ष घनतेत १.०२५ ते १.०२६, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट क्षारांचं प्रमाण, डीकेएच हे तिचं एकक) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दशलक्षात इतके भाग), मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान असू द्या. हे दोन्ही शून्यावर आणायचा हट्ट धरू नका. कोरलं उपाशी राहतात आणि डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म जीवांचा चिकट तपकिरी थर माजतो.

यातली अल्कलिनिटी रोज मोजायची सवय लावा. ती १ डीकेएचने घटते तेव्हा कॅल्शियम जेमतेम ७ पीपीएमने उतरतं, आणि घरगुती किटला एवढा फरक पकडता येत नाही. कोरलं किती खातायत हे अल्कलिनिटीच आधी सांगते. डोसिंग (या क्षारांची रोजची भर) बंद ठेवून लागोपाठ दोन दिवस ठरलेल्या एकाच वेळेला मोजा. जो फरक येईल तो तुमच्या टाकीचा रोजचा खप.

कागदावर जागा ठरवा

मोठी टाकी रिकामी दिसते आणि एकदम वीस फ्रॅग आणावेसे वाटतात. आणू नका. तीन-चार फ्रॅगची एक तुकडी आणा, ती रुळली आणि अल्कलिनिटीचा खप पुन्हा स्थिर झाला की पुढची. क्रम सोपा आहे: आधी मश्रूम, झोअँथस, लेदर अशी मऊ कोरलं, मग हॅमर, फ्रॉगस्पॉन, ब्लास्टोसारखी मांसल एलपीएस (मोठ्या पॉलिपची दगडी कोरलं), शेवटी मॉन्टिपोरा आणि सर्वांत शेवटी अ‍ॅक्रोपोरा.

आणण्याआधी खडकाचं ढोबळ चित्र काढून प्रत्येकाची जागा नक्की करा, आणि ती आजच्या दोन सेंटिमीटरच्या फ्रॅगची नव्हे, दोन वर्षांनंतरच्या कॉलनीची असू द्या. गॅलेक्सिया आणि टॉर्च ही कोरलं रात्री लांब डंखाचे धागे सोडतात; त्यांच्याभोवती किमान १५ ते २० सेंटिमीटर मोकळी जागा हवी, गॅलेक्सियाला तर त्याहूनही जास्त. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन बहुतेकदा एकमेकांना सहन करतात, टॉर्च दोघांनाही भाजून काढू शकतो. झेनिया आणि ग्रीन स्टार पॉलिप्स ही दोन कोरलं मुख्य खडकावर कधीच लावू नका. वाळूत सुटा दगड ठेवून त्यांना तिथेच नांदू द्या, नाहीतर वर्षभरात सगळा खडक त्यांचा होतो.

निवडताना काय बघायचं

कडेपर्यंत मांस भरलेलं हवं. पांढरा सांगाडा उघडा पडला असेल किंवा कडेचं मांस लोंबत असेल तर कितीही सुंदर रंग असला तरी सोडून द्या. विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: त्याच्या टाकीतली अल्कलिनिटी किती आणि हे कोरल किती पार (कोरलाला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) उजेडात होतं. उत्तर मिळालं तर पुढचं अर्धं काम सोपं होतं.

समुद्रातून तोडलेल्या कोरलापेक्षा टाकीत वाढवलेला फ्रॅग घ्या. तो टाकीतल्या उजेडाला, पाण्याला सरावलेला असतो, आणि त्यासाठी कुठला रीफ ओरबाडावा लागत नाही. सगळी दगडी कोरलं सायटीस या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, शिवाय प्रत्येक देशाचे स्वतःचे नियम असतात. कायदेशीर कागदपत्रं नसतील तर व्यवहारच करू नका.

घरी आणल्यावर डिप (औषधाच्या पाण्यात बुडवणं)

खोलीतला उजेड मंद करा आणि बंद पिशवी १५ ते २० मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवा. मग पिशवीतल्या पाण्याचा खारेपणा मोजा. फरक असेल तर अर्ध्या तासात थोडं थोडं टाकीचं पाणी मिसळत जा. पिशवीतलं पाणी टाकीत जाता कामा नये.

पुढचं काम हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालूनच. पॅलिथोआ आणि काही झोअँथसमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. जखमेतून, डोळ्यांत उडालेल्या थेंबातून किंवा वाफेतून ते शरीरात जातं. अशी कोरलं असलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने घासू नका.

तीन भांडी घ्या, तिन्हीत टाकीचंच पाणी. पहिल्यात डिपचं औषध, लेबलवर दिलेल्या प्रमाणात आणि दिलेल्या वेळेपुरतंच. उरलेली दोन धुण्यासाठी. कोरल औषधात असताना प्लास्टिकच्या पिचकारीने त्यावर पाण्याचे झोत मारत राहा. पांढरं भांडं घेतलंत तर काय गळून पडतंय ते दिसतं. मी पहिल्यांदा अ‍ॅक्रोपोराचा फ्रॅग बुडवला तेव्हा आधी काहीच दिसलं नाही. पिचकारीच्या चौथ्या-पाचव्या झोताला लंबगोल, कोरलाच्याच रंगाचे पापुद्रे सुटून तळाशी वळवळू लागले. ते अ‍ॅक्रोपोरा खाणारे चपटे कृमी होते, आणि फांदीवर बसलेले असताना डोळ्यांसमोर असूनही दिसले नव्हते.

डिपमुळे कृमी गळतात, अंडी मात्र वाचतात. म्हणून भिंगाने फ्रॅगचा बुंधा तपासा. मांस संपून सांगाडा सुरू होतो तिथे सोनेरी तपकिरी ठिपक्यांची चकती दिसली तर ती अंडी. मॉन्टिपोराच्या खालच्या बाजूला पांढुरक्या अंड्यांचे पुंजके दिसले तर ते न्यूडिब्रँक या कोरल खाणाऱ्या समुद्री गोगलगायीचे. खरवडत बसू नका, अंडी धरलेला भाग कापूनच टाका. जमेल तिथे मूळ प्लगही तोडून फेका आणि फ्रॅग कोऱ्या प्लगवर बसवा. एप्टेशिया, नको ते शेवाळ आणि अंडी बहुतेक वेळा प्लगवरूनच येतात. डिपचं पाणी अर्थातच मोरीत.

क्वारंटाईन

४०-५० लिटरची साधी टाकी पुरते: हीटर, छोटा पंप, माफक उजेड, फ्रॅग ठेवायला जाळी. वाळू आणि खडक नकोत, तळ स्वच्छ दिसला पाहिजे. या टाकीत पूर्वी तांब्याचं औषध वापरलेलं नसावं, कोरलांना ते मारक असतं. दर आठवड्याला पाणी बदलताना मुख्य टाकीतून काढलेलं पाणी इथे घाला. कोरल मुख्य टाकीत जाईपर्यंत तिच्या पाण्याला आपोआप सरावतं.

फ्रॅग इथे किमान ६ आठवडे ठेवा आणि आठवड्यातून एकदा पुन्हा डिप करा, म्हणजे अंड्यांतून निघालेले कृमी नवी अंडी घालण्याआधी सापडतात. या टाकीत मासा ठेवू नका. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी क्रिप्टोकॅरिऑन कोरलावर जगत नाही, पण त्याचे कोश प्लगला चिकटून येतात. मासाच मिळाला नाही तर कोश फुटून निघालेले परजीवी मरतात. त्यासाठी बरेच जण ७६ दिवस थांबतात. मोठ्या टाकीत महागामोलाचे मासे असतील तर मीही तेवढंच थांबायला सांगेन.

उजेड आणि जागा

कोरलाच्या पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर अन्न तयार करून कोरलाला देतं. उजेड एकदम वाढला की कोरल हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. मऊ कोरलांना साधारण ५० ते १०० पार, एलपीएसना ७५ ते १५०, एसपीएसना २०० ते ३५० पार लागतो. कोणतंही कोरल आधी तळाशी किंवा मंद उजेडात ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत वर न्या. रंग फिका पडत चालला तर उजेड जास्त होतोय, तपकिरी होत चालला तर बहुधा कमी पडतोय.

चिकटवताना पंप बंद करा. प्लगखाली जेल सुपरग्लूचा थेंब, त्यावर इपॉक्सी पुट्टीची गोळी, तिच्यावर पुन्हा ग्लू, आणि मग खडकावर अर्धा मिनिट दाबून धरा. प्रवाहात एलपीएसचं मांस मंद डुलायला हवं. वेव्हमेकरचा (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाचा) झोत थेट अंगावर आला तर ते सांगाड्याच्या कडेवर फाटतं.

पहिले दोन आठवडे

कोरल उघडलं नाही म्हणून जागा बदलत राहू नका. लेदर कोरल कित्येक दिवस मिटून बसतं, अंगावर मेणचट पापुद्रा धरतं आणि तो टाकला की पुन्हा उमलतं. त्या काळात सक्रिय कोळसा चालू ठेवा. गोनिओपोराही वेळ घेतं. नीट उघडेपर्यंत खायला घालू नका.

अंधार पडल्यावर तासाभराने लाल उजेडाची बॅटरी घेऊन बघा. कोण कोणावर धागे टाकतंय आणि कोणता खेकडा कोरल कुरतडतोय ते तेव्हाच कळतं.

एकाच गोष्टीसाठी मात्र धावायचं. एसपीएसचं मांस बुंध्यापासून सोलपटत वर चढू लागलं तर त्याच क्षणी अल्कलिनिटी मोजा, आणि मरत्या भागाच्या वर, निरोगी मांसातून, हाडं कापायच्या कात्रीने फांदी कापून ती वेगळ्या प्लगवर लावा. मांस तासातासाला उतरत असेल तर सकाळपर्यंत थांबू नका, फांद्या रात्रीच कापा.