चिचुंद्री घरात शिरली तर

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात पावसाळ्यात कूलरमागून चिकचिक ऐकू येते. आधी तोंड नीट बघा. लांब, टोकदार, सतत हलणारं नाक आणि बारीकसे डोळे असतील तर ती चिचुंद्री, उंदीर नव्हेच. ती झुरळं, किडे खाते. म्हणून विष अजिबात ठेवू नका. रात्री दिवे मालवा, मागचं दार उघडा आणि भिंतीलगतचं सामान सरकवा, कारण ती भिंतीच्या कडेनंच पळते. पिंजरा लावलाच तर तासातासाला बघा. तिला सारखं खावं लागतं, उपाशी ती फार टिकत नाही. हुसकू नका, अंगाच्या बाजूच्या ग्रंथींतून उग्र वास सुटतो. पिल्लं पुढच्याच्या शेपटीजवळ तोंडानं धरून आईमागे रांगेनं चालतात. ती रांग मात्र कुणीही तोडू नये.